मैदानाचे फाटक उघडे राहू द्या



येत्या ३१ जानेवारीला ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को ह्यांचा सण साजरा करते. तरुणांचा पिता आणि शिक्षक म्हणून ती त्यांचा गौरव करते. ह्या सणाच्या निमित्ताने आज आपण एका अगदी साध्या गोष्टीवर चिंतन करणार आहोत. ती गोष्ट म्हणजे मुलांचा खेळ.

पावसाळा संपल्यापासून आपल्या चर्चमागच्या मैदानावर रोज संध्याकाळी पाच ते सात मुले खेळतात. तिथे फी नाही, फॉर्म नाही, गणवेश नाही. युवक मंडळातील काही तरुण-तरुणी आळीपाळीने त्यांच्यासोबत असतात. फुटबॉल आहे, खो-खो आहे, लहानग्यांसाठी लंगडी आणि लगोरी आहे. ह्या उपक्रमाविषयी धर्मग्राम परिषदेकडे काही सूचना आल्या आहेत. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी गलका होतो. येणाऱ्यांपैकी बरीच मुले आपल्या धर्मग्रामातील नाहीत. परीक्षा जवळ आल्या असताना अभ्यासाचे नुकसान होते. आणि शेवटची सूचना अशी, की मैदान टर्फसाठी भाड्याने द्यावे, म्हणजे त्या पैशातून चर्चच्या छपराची दुरुस्ती होईल.

ह्या सूचना करणारे सर्वजण चर्चवर मनापासून प्रेम करणारे आहेत. छप्पर खरोखरच गळते आहे. म्हणून ह्या सूचना बाजूला सारून चालणार नाही. प्रायश्चित्तकाळ सुरू होण्यापूर्वी परिषदेला निर्णय घ्यायचा आहे. त्याआधी आपण सर्वांनी मिळून देवासमोर ह्या विषयाचा विचार करावा, ह्यासाठी हा लेखप्रपंच.

शाळा सुटल्यानंतरचे तास

आपल्या आजोबांच्या काळी मुलांसाठी कुणी मैदान राखून ठेवावे लागत नव्हते. वाडी होती, बावखल होते, भातकापणीनंतर मोकळी झालेली शेते होती. विटीदांडू आणि हुतूतू खेळून मुले दिवेलागणीला घरी येत. घरी आजी असे, काकी असे, शेजारचे दार उघडे असे. मूल कुठे आहे हे साऱ्या आळीला ठाऊक असे.

आज त्या शेतांत इमारती उभ्या आहेत. आईवडील दोघेही कामाला जातात. पहाटे घर सोडतात आणि विरार लोकलच्या गर्दीतून रात्री आठ-साडेआठला दमून परततात. शाळा मात्र त्याच्या कितीतरी आधी सुटते. मधले तीनचार तास मूल कुठे असते? ज्यांना परवडते ते क्लासला पाठवतात. ज्यांना परवडत नाही त्यांची मुले बंद खोलीत मोबाईलसमोर बसतात किंवा नाक्यावर उभी राहतात. नाक्यावर कोण भेटते, काय हातात देते, हे आपल्याला सांगायला नको.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. दहा-बारा वर्षांची मुलगी शाळेतून आली की पाणी भरते, भांडी घासते, धाकट्या भावाला सांभाळते. तिला खेळायचे आहे का, असे तिला कुणी विचारत नाही. मैदानावर जेव्हा लहानग्यांनाही सांभाळणारे कुणी असते, तेव्हा ही मुलगी भावाला कडेवर घेऊन येते, त्याला खाली ठेवते आणि स्वतः खो-खोच्या रांगेत जाऊन बसते. रोजच्या त्या दोन तासांत तिला तिचे बालपण परत मिळते.

खेळणे हा मुलांचा लाड नव्हे, तो त्यांचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ साली बालहक्कांचा करार संमत केला. त्याच्या ३१ व्या कलमात विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क नोंदवला आहे. भारताने हा करार १९९२ साली स्वीकारला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे तरी अंगमेहनतीची हालचाल हवी. पण हक्क कागदावर राहून उपयोगाचा नाही. त्याला चेंडू लागतो, जागा लागते, आणि लक्ष ठेवणारे मोठे माणूस लागते.

ट्यूरिनमधील गलका

इटलीतील ट्यूरिन शहरात १८४१ सालच्या ८ डिसेंबरला, निष्कलंक मरियेच्या सणाच्या दिवशी, तरुण फादर बॉस्को मिस्सासाठी तयार होत होते. साक्रिस्टीत एक मुलगा थंडीने कुडकुडत उभा होता. त्याला मिस्साची सेवा करता येत नाही हे कळताच तिथल्या सेवकाने त्याला काठीने मारून हाकलले. फादर बॉस्कोंनी त्याला परत बोलावले. हा माझा मित्र आहे, असे त्यांनी त्या सेवकाला सांगितले. मुलाचे नाव बार्थोलोम्यू गॅरेली. वय १६. आईवडील नाहीत, गवंड्याच्या हाताखाली काम, लिहिता-वाचता येत नाही, गाता येत नाही. शिट्टी वाजवता येते का, असे फादरांनी विचारले तेव्हा तो पहिल्यांदा हसला. तिथून धर्मशिक्षणाला सुरुवात झाली.

गॅरेलीबरोबर आणखी मुले आली. ट्यूरिनमध्ये तेव्हा खेड्यापाड्यांतून आलेली शेकडो मुले गवंडीकाम करीत, दगड फोडीत, धुराडी साफ करीत. त्यांना शाळा नव्हतीच. रविवार आणि सणाचे दिवस तेवढे मोकळे, आणि त्या मोकळ्या दिवसांचाच धोका अधिक. फादर बॉस्कोंनी त्यांना मिस्सा दिली, धर्मशिक्षण दिले आणि त्याबरोबरच मनसोक्त खेळ दिला. पुढे रात्रीचे वर्ग सुरू झाले. हे सारे विनामूल्य होते.

आता लोकांनी काय म्हटले ते ऐका. गिरण्यांजवळच्या प्रार्थनालयात जागा मिळाली, तर शेजाऱ्यांनी गोंगाटाची तक्रार केली. दफनभूमीच्या प्रार्थनालयात गेले, तर तिथेही तेच झाले. मग एक कुरण भाड्याने घेतले. थोड्याच दिवसांत मालकांनी ते सोडायला सांगितले, कारण मुलांच्या पायांखाली गवत मुळापासून नष्ट होत होते! शेवटी वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या गृहस्थाची एक पडवी मिळाली. १२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, मुले तिथे प्रथम जमली. त्याच वर्षी फादरांची वृद्ध आई मार्गारिटा गावचे घर सोडून मुलाच्या मदतीला आली. तिने ह्या परक्या मुलांसाठी रांधले, त्यांचे फाटलेले कपडे शिवले. आज १३० हून अधिक देशांत पसरलेल्या सलेशियन कार्याचे मूळ त्या पडवीत आहे.

ज्यांनी तक्रारी केल्या ती माणसे वाईट नव्हती. त्यांना झोप हवी होती, शांतता हवी होती, गवत हवे होते. पण त्या गलक्यातून काय उगवणार आहे, हे त्यांना दिसले नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात असाच एक प्रसंग आहे. मुले मंदिरात जयघोष करू लागली तेव्हा मुख्य याजकांना राग आला. प्रभू येशूने मात्र मुलांची बाजू घेतली. आपण आपल्या प्रार्थनेची वेळ आणि खेळाची वेळ ह्यांचा मेळ जरूर घालू या. प्रार्थनेची घंटा होताच खेळ पाच मिनिटे थांबवता येईल. मुलांनाही त्यातून काही शिकता येईल. परंतु गलका होतो म्हणून मुलेच नकोत, असे म्हणणे प्रभूच्या शिष्यांना शोभणारे नाही.

खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय का?

पुष्कळ पालकांच्या मनात हा प्रश्न असतो. थोर तत्त्वज्ञांनीही ह्यावर विचार केला आहे. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल ह्यांनी योग्य प्रमाणातील विनोद आणि करमणूक हा सद्गुण मानला. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी त्यांच्या 'सुम्मा' ग्रंथात हाच विचार पुढे नेला आणि त्यासाठी संत योहानाची एक कथा सांगितली. संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोकांना धक्का बसला. त्यांच्यातील एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला एकामागून एक बाण सोडायला लावले आणि विचारले, असे सतत करता येईल का? तसे केले तर धनुष्य मोडेल, असे तो म्हणाला. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला समजावले.

सकाळी शाळा, दुपारी क्लास, रात्री गृहपाठ. आपण मुलांचे धनुष्य सतत ताणून ठेवत आहोत. दोन तास खेळून आलेले मूल भूक लागून जेवते, गाढ झोपते आणि ताज्या मनाने पुस्तक उघडते. परीक्षेच्या दिवसांत वेळ कमी करता येईल. खेळ पूर्ण बंद करणे मात्र अभ्यासाच्याही हिताचे नाही.

खेळात आणखी एक शिक्षण आहे, जे फळ्यावर देता येत नाही. हरल्यावर समोरच्याचा हात हातात घेणे. पंचाने दिलेला निर्णय मानणे. आपल्याहून कमी खेळणाऱ्यालाही चेंडू देणे. संत पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिताना धावपटूचे उदाहरण दिले, कारण करिंथजवळच इस्थमियाच्या मोठ्या क्रीडास्पर्धा भरत आणि त्या लोकांना ती भाषा समजत असे. शर्यतीसाठी खेळाडू स्वतःवर ताबा ठेवतो, तसा ख्रिस्ती माणसाने ठेवावा, असे पौलाला सांगायचे होते. ज्या मुलाने मैदानावर आत्मसंयमन शिकले, त्याला पौलाचे हे पत्र समजावून सांगायला वेळ लागणार नाही.

घरादाराला काय मिळते?

आपल्या महाराष्ट्रातीलच दोन उदाहरणे पाहू या. श्री. विजय बारसे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक होते. २००१ साली एका पावसाळी दिवशी त्यांनी झोपडपट्टीतील मुलांना एका फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळताना पाहिले. त्यांनी त्या मुलांना फुटबॉल दिला. मुले जोवर खेळात रमतात तोवर वाईट सवयींपासून दूर राहतात, हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी 'झोपडपट्टी फुटबॉल'च्या स्पर्धा भरवल्या. त्यातून 'स्लम सॉकर' हे कार्य उभे राहिले. निवृत्तीनंतर मिळालेला पैसाही त्यांनी ह्या कामात घातला. त्या मैदानावरची मुले पुढे बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेत भारतातर्फे खेळली. २०२२ साली आलेला नागराज मंजुळे ह्यांचा 'झुंड' हा चित्रपट त्यांच्याच कार्यावर आधारलेला आहे.

दुसरे उदाहरण मुंबईचे. मॅथ्यू स्पेसी हे ब्रिटिश गृहस्थ नोकरीनिमित्त मुंबईत होते आणि बॉम्बे जिमखान्यावर रग्बी खेळत. रस्त्यावरची मुले कडेला उभी राहून तो खेळ पाहत. स्पेसी ह्यांनी त्यांना आत खेळायला बोलावले. त्यातून १९९९ साली 'मॅजिक बस' ही संस्था निघाली. त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. खेळ झाला की मुलांना गोल बसवून बोलते करायचे. शाळा का सोडू नये, स्वच्छता का पाळावी, मुलगी मुलापेक्षा कमी का नाही, हे सारे खेळाच्याच अनुभवातून समजावायचे. आणि हे सांगणारे असतात वस्तीतीलच तरुण, ज्यांना मुले ओळखतात आणि ज्यांच्यासारखे व्हावे असे त्यांना वाटते.

दूरच्या आइसलँड देशाचाही दाखला घेऊ. तिथे १९९८ साली झालेल्या पाहणीत १५-१६ वर्षांच्या मुलामुलींपैकी ४२ टक्के जणांनी आदल्या महिन्यात दारूची नशा केल्याचे सांगितले होते. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. हे केवळ खेळामुळे झाले असे म्हणता येणार नाही. मुलांनी रात्री उशिरा बाहेर राहू नये असा नियम झाला आणि पालकांनी मुलांना अधिक वेळ द्यायचे ठरवले. पण त्याबरोबरच सरकारने खेळ आणि संगीत ह्यांच्यासाठी भरपूर पैसा दिला आणि राजधानीत तर त्यासाठी पालकांना मुलामागे अनुदान मिळू लागले. दारूने आपल्याही धर्मग्रामातील किती संसार पोखरले आहेत, हे आपण जाणतो. मुलगा बिघडल्यावर त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेण्यापेक्षा तो बारा वर्षांचा असताना त्याला मैदानावर नेणे किती सोपे!

आणि फायदा केवळ मुलांचा नाही. मूल सुरक्षित आहे हे ठाऊक असले की लोकलमध्ये उभ्या असलेल्या आईच्या छातीवरचे ओझे उतरते. मैदानाबाहेर मुलांची वाट पाहणाऱ्या दोन स्त्रिया एकमेकींशी बोलू लागतात. एक आपल्या वाडीतली, दुसरी नव्या चाळीत भाड्याने राहणारी. बाप सुट्टीच्या दिवशी मुलाचा खेळ पाहायला येतो आणि मुलगा मान वर करून पाहतो, बाबा आले आहेत. त्या एका नजरेसाठी त्या संध्याकाळी गुत्त्याची वाट चुकवणारा बाप असू शकतो. घराचे असे थोडे थोडे बरे होत जाणे, ही देवाचीच करणी आहे.

फुकट आणि कृपा

आता पैशाचा प्रश्न. 'फुकट ते पौष्टिक' असे आपण थट्टेने म्हणतो आणि फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही असेही मानतो. मग थोडी फी ठेवायला काय हरकत आहे?

हरकत अशी, की महिन्याला शंभर रुपये फी ठेवली तर सर्वांत आधी तेच मूल येणे बंद होईल, ज्याच्यासाठी हे मैदान सर्वाधिक गरजेचे आहे. ते आपल्या गरिबीचे कारण सांगत बसणार नाही. मला खेळायला आवडत नाही, असे म्हणेल आणि फाटकाबाहेर उभे राहील. टर्फचे भाडे तर तासावर असते. ते देणारे येतील, खेळतील आणि जातील. त्यांच्याशी आपले काही वैर नाही. पण तेव्हा मैदान आपले असले तरी मुले आपली राहणार नाहीत.

येणारी सर्व मुले आपल्या धर्मग्रामातील नाहीत, हे खरे आहे. त्यांचे आईवडील आपल्या इमारती बांधतात, आपल्या घरी धुणीभांडी करतात, आपल्या दारात भाजी विकतात. फादर बॉस्कोंच्या पडवीतली मुलेही परगावचीच होती. लोकांनी मुलांना प्रभूकडे आणले तेव्हा शिष्यांनी त्यांना अडवले, आणि प्रभू शिष्यांवर रागावला, असे संत मार्क सांगतो. त्या मुलांची नावे कुठल्या नोंदवहीत आहेत, हे प्रभूने विचारले नाही.

विनामूल्य म्हणजे ज्याला कुणीच मूल्य दिलेले नाही असे नव्हे. घेणाऱ्याला काही द्यावे लागत नाही, कारण दुसऱ्या कुणीतरी ते आधीच दिलेले असते. आपल्या श्रद्धेचा गाभाच हा आहे. देवाची कृपा आपल्याला विनामूल्य मिळाली, पण तिच्यासाठी प्रभूने क्रुसावर पूर्ण किंमत मोजली. जे फुकट मिळाले ते फुकट द्या, असे त्याने आपल्या प्रेषितांना बजावले. रविवारी ज्या वेदीपाशी आपण हात पुढे करतो, तिथे आपल्याला कुणी फी विचारत नाही. मग त्याच वेदीमागच्या मैदानावर ती विचारावी का?

आपल्याकडून काय हवे?

छपरासाठी निधी उभारावाच लागेल. धर्मग्राम परिषदेने त्यासाठी वेगळी योजना आखावी आणि त्यासाठी आपण प्रत्येक कुटुंबाकडे यावे, असे आम्हांला वाटते. मैदानासाठी मात्र आम्ही पैसे मागत नाही. आम्ही मागतो आहोत आठवड्यातील एक तास.

संत जॉन बॉस्को ह्यांनी १० मे १८८४ रोजी रोमहून आपल्या सहकाऱ्यांना एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी एक स्वप्न सांगितले. पूर्वी खेळाच्या वेळी शिक्षक मुलांमध्ये मिसळलेले असत आणि सारीकडे आनंद असे. आता शिक्षक बाजूला आपसांत बोलत उभे आहेत आणि मुलांचे चेहरे उदास आहेत. आपण मुलांवर प्रेम करतो एवढे पुरेसे नाही, ते प्रेम मुलांना कळलेही पाहिजे, हा त्या पत्राचा गाभा आहे. चेंडू विकत मिळतो. मुलांमध्ये मिसळणारे मोठे माणूस विकत मिळत नाही.

आज मैदान चारपाच तरुणांच्या खांद्यावर उभे आहे. ते आजारी पडले, त्यांच्या परीक्षा आल्या, की फाटक बंद होते. ज्यांनी कधीकाळी कबड्डी, फुटबॉल किंवा हॉकी खेळली आहे त्यांनी पुढे यावे. शिक्षिका, परिचारिका ह्यांनी यावे. लहान मुलांसोबत स्त्रिया असल्या तर मुलींना पाठवायला पालक कचरणार नाहीत. कुणीही एकटे मोठे माणूस मुलांबरोबर राहू नये, नेहमी दोघांनी तरी असावे, हा नियम आपण काटेकोरपणे पाळू या. निवृत्त झालेल्या आजोबांनी धावायची गरज नाही. बाकावर बसून पाण्याचे पिंप भरले आहे ना, कुणाचा गुडघा फुटला आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. जखऱ्या संदेष्ट्याने देवाने पुन्हा वसवलेल्या यरुशलेमचे जे दर्शन घडवले, त्यात हातात काठी घेऊन बसलेले वृद्ध आहेत आणि त्यांच्या देखतच रस्त्यांवर खेळणारी मुलेमुली आहेत. सोन्याचे राजवाडे त्याने सांगितले नाहीत. देव आपल्या लोकांत परत आला आहे, ह्याची खूण म्हणून त्याने हे साधे दृश्य सांगितले.

आजच्या मिस्सानंतर चर्चच्या दाराशी एक वही ठेवलेली असेल. तिच्यात आपले नाव आणि आपल्याला जमणारा वार लिहावा. सात वार आहेत आणि प्रत्येक वाराला चार माणसे हवीत. म्हणजे अवघी अठ्ठावीस नावे. एवढ्या मोठ्या धर्मग्रामाला ती जड जाऊ नयेत. परिषद निर्णयाला बसेल तेव्हा तक्रारींच्या पत्रांबरोबर ही वहीही तिच्यासमोर असू द्या.

हे प्रभो, मुलांना कवटाळून आशीर्वाद देणाऱ्या तुझ्या हातांसारखे आमचे हात कर. आमच्या घरांत, आमच्या मैदानावर आणि आमच्या मनांत प्रत्येक मुलाला जागा मिळू दे. संत जॉन बॉस्को, आमच्या मुलांसाठी आणि आमच्या कुटुंबांसाठी विनंती करा. आमेन.

आपले प्रमुख धर्मगुरू